प्रकाशनव्यवसायातील उमेदवारी आणि विद्यावेतन : आपले अनुभव

शाईदौत :
काल अप्पा बळवंत चौकात मुलीची पुस्तके घेताना एका दुकानाच्या दारावर ‘मुद्रितशोधनासाठी प्रशिक्षणार्थी हवेत, विद्यावेतन मिळेल’ अशी पाटी दिसली आणि २००४ साल आठवले. बार्शीहून आलेली मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होते. ज्या प्रकाशकांकडे उमेदवारी केली, त्यांनी पहिल्याच महिन्यापासून पंधराशे रुपये दिले. खोलीभाडे आणि खाणावळ त्यात जेमतेम भागत असे. पण ते पैसे नसते तर मी दिवाळीपूर्वीच गावी परतले असते. मी हस्तलिखित ‘स्वल्पविराम’, ‘नवा परिच्छेद’ अशा उच्चारांसह मोठ्याने वाचायची आणि समोर बसलेले काका मुद्रितावर लाल खुणा करायचे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम मला पुस्तकापेक्षा त्या खुणांनीच शिकवले. आपली सुरुवात कशी झाली, ते अवश्य लिहावे.

पेठकर :
मला चार महिने एक रुपयाही मिळाला नाही, ‘अनुभव मिळतो आहे ना’ एवढेच ऐकायला मिळाले. मी पुण्याचाच, घरी जेवून कामाला जात असे, म्हणून टिकलो. माझ्याबरोबर लागलेली परभणीची मैत्रीण व्याकरणात माझ्यापेक्षा कितीतरी सरस होती. खाणावळीचे पैसे थकले आणि ती सातव्या आठवड्यात निघून गेली. आज मी संपादक आहे आणि ती या क्षेत्रात नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते.

रानवाट :
पेठकर, अगदी हेच माझ्या भावाच्या बाबतीत झाले. वाचून गलबलले.

फर्मा१६ :
माझे लहान प्रकाशन आहे. पाचशे प्रतींची आवृत्ती संपायला दोन-दोन वर्षे लागतात, त्यामुळे पूर्णवेळ विद्यावेतन मला झेपत नाही; म्हणून मी अर्धवेळच बोलावतो, पण पैसे देतो. फुकट काम करणाऱ्याला चूक दाखवताना आपलीच जीभ अडखळते, हा माझा अनुभव आहे.

अनुस्वार :
शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा प्रकाशकांना लागू होतो का?

पेठकर :
२०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर चार ते एकोणतीस माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे. पदवीधराला दरमहा किमान ९००० रुपये त्याच नियमांत ठरले होते. आपल्याकडची बहुतेक मराठी प्रकाशने दुसऱ्या गटातली, त्यामुळे सारे मालकाच्या मनावर राहते.

रानवाट :
मी गेल्या वर्षी सशुल्क उमेदवारी केली, म्हणजे शुल्क मीच भरले! ‘प्रशिक्षणवर्ग’ म्हणून घेतलेल्या त्या पैशांत आम्ही त्यांचीच जुनी पुस्तके श्रीलिपी या जुन्या संगणकीय टंकातून युनिकोडमध्ये आणून तपासली. एका प्रवासवर्णनात सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ सगळीकडे ‘दर्या’ झाल्या होत्या. दोनशे पाने मी ओळ न ओळ वाचून काढली. ते काम होते, शिकवणी नव्हे.

शाईदौत :
रानवाट, त्या दुकानाचा दूरध्वनी क्रमांक मी आज टिपून आणते आणि तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते. विद्यावेतन किती, हे आधीच विचारून घ्या.