देगाच्या नर्तकी: सराव, रियाज, तालीम की मेहनत?

प्रश्न

शाळेच्या वाचनालयात पाश्चात्त्य चित्रांच्या प्रती लावतोय. प्रत्येकीखाली मराठीत एक ओळ हवी आहे. एक चित्र फ्रेंच चित्रकार एद्गार देगाचं आहे, १८७७ सालचं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं. रिकामी लाकडी जमीन आणि भिंतीलगतच्या आडव्या दांड्यावर पाय ताणलेल्या दोन बॅले-नर्तकी. मी लिहिलंय, ‘बारजवळ सराव करणाऱ्या प्रभाववादी नर्तकी’. वाचताना खटकतंय, पण नेमकं काय चुकलंय ते कळत नाही.

प्रतिसाद

ताई, खटकलं ते बरोबरच आहे. एकेक शब्द घेऊ.

आधी ‘बार’. बॅलेवाले त्या दांड्याला बारच म्हणतात, पण महाराष्ट्रात ‘बार’ आणि ‘नर्तकी’ हे दोन शब्द एका ओळीत आले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर डान्स बार उभा राहतो. शाळेच्या भिंतीवर तर हे नकोच. मी ‘दांडी’ लिहीन. जुन्या घरात कपडे वाळत घालायला असायची ना, तसाच आडवा, गुळगुळीत दांडा. ‘कठडा’ नको, कठडा जिन्याला किंवा गच्चीला असतो.

‘प्रभाववादी’ हा शब्द हिंदीतून आलाय. मराठीत प्रभाव म्हणजे वजन, दुसऱ्यावर चालणारी सत्ता. इथे तो अर्थच नाही. १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला, ज्यांना इंग्रजीत इंप्रेशनिस्ट म्हणतात त्या देगा, मोने वगैरे चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन भरलं. त्यात मोनेचं ल हाव्र बंदरातल्या सूर्योदयाचं चित्र होतं आणि त्याच्या नावात ‘इंप्रेशन’ हा शब्द होता. लुई लरुआ या टीकाकाराने तो उचलून सगळ्यांची टर उडवली आणि तेच नाव पुढे चिकटलं. त्या क्षणी डोळ्याला जे जाणवलं ते, एवढाच त्याचा अर्थ. मराठी विश्वकोशातला ‘दृक्‌प्रत्ययवाद’ म्हणूनच मला फार आवडतो. दृक् म्हणजे दृष्टी, आणि ‘प्रत्यय येणे’ हा तर आपला रोजचा वाक्प्रचार. शब्द जड वाटतो खरा, पण एकदा फोड करून सांगितला की मुलं विसरत नाहीत.

शिवाय तुमच्या वाक्यात ‘प्रभाववाद’ चित्राचा आहे आणि तो चिकटलाय नर्तकींना! खुद्द देगालाही हे लेबल आवडत नसे, तो स्वतःला वास्तववादी म्हणवून घ्यायचा. या मंडळींच्या आठपैकी सात प्रदर्शनांत त्याची चित्रं होती, पण मोनेसारखं उघड्यावर बसून रंगवणं त्याला पटत नव्हतं. तो रेखाटनं करायचा आणि त्यांवरून, आठवणीतून, स्टुडिओत चित्र उभं करायचा. म्हणून खालच्या ओळीत त्या वादाचं नावच नको.

आता खरा शब्द, ‘सराव’. तो चूक नाही, फक्त सपाट आहे. क्रिकेटचाही सराव, गणिताचाही सराव. आपल्याकडे याहून नेमके शब्द आहेत. ‘रियाज’ गाण्या-वाजवण्याचा, बहुधा एकट्याने करायचा. ‘तालीम’ मूळची अरबी, अर्थ शिकवणं. मराठीत तिला दोन घरं मिळाली, एक पैलवानांचं आणि दुसरं नाटकवाल्यांचं. ‘अमक्याच्या तालमीत तयार झालेला’ असं आपण गवयाबद्दलही म्हणतो, तेव्हा त्यात गुरू, धाक आणि घाम असं सगळं येतं. देगाच्या १८७४ च्या ‘नृत्यवर्ग’ या चित्रात म्हातारा नृत्यशिक्षक जूल पेरो उंच काठी टेकून उभा आहे, समोर एक मुलगी नाचून दाखवतेय, बाकीच्या आपल्या पाळीची वाट बघतायत. ती तालीमच.

दुसरा प्रतिसाद

तालीम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लाल माती येते. नाजूक बॅलेला हा शब्द रांगडा नाही का वाटत?

प्रतिसाद

दादा, ते नाजूकपण रंगमंचावरचं. देगाने जास्त करून त्यामागचं रंगवलं. कुणी पाठ खाजवतेय, कुणी बुटाची फीत बांधतेय, कुणी दमून बाकावर वाकलीय. पॅरिस ऑपेऱ्यात शिकणाऱ्या या पोरींना ‘छोटे उंदीर’ म्हणत आणि बऱ्याचजणी गरीब घरच्या असत. देगाने १८८१ साली प्रदर्शनात मांडलेल्या मेणाच्या शिल्पाला ज्या चौदा वर्षांच्या मारी व्हान गूतमवरून रूप दिलं, तिची आई कपडे धुण्याचं काम करायची. या मुलींसाठी नाच म्हणजे पोटाचा धंदा होता. म्हणून शब्द रांगडा असला तरी मला तो खरा वाटतो.

आणि ताईंच्या १८७७ च्या चित्रात डावीकडे भिंतीशी बघा, एक झारी आहे. बागेला पाणी घालायची असते तशीच. नाचताना धूळ उडू नये म्हणून लाकडी जमिनीवर पाणी शिंपडत, त्यासाठी ती तिथे असायची. आपण अंगणात सडा घालतो तोही धूळ बसावी म्हणूनच ना? आता उजवीकडच्या नर्तकीकडे बघा. तिच्या अंगाचा बाक आणि ताणलेला पाय यांचा आकार थेट त्या झारीसारखा होतो. हे एकदा दिसलं की नजर झारी आणि नर्तकी यांच्यामध्ये फिरतच राहते.

फक्त या चित्रात शिकवणारा कुणी नाही. दोघी आपापल्या अंगाशी झगडतायत. त्यामुळे इथे मी ‘तालीम’ही सोडेन आणि ‘मेहनत’ घेईन. पैलवान जोर-बैठकांना मेहनत म्हणतात, गवई पलट्यांना म्हणतात. माझी ओळ अशी: ‘दांडीवर पाय ताणून मेहनत करणाऱ्या दोन नर्तकी. एद्गार देगा, १८७७’.

प्रश्नकर्ती

हीच ओळ लावते. आणि हो, चित्रकाराचं नाव मी ‘देगास’ लिहिलं होतं, फ्रेंच उच्चारात नसलेला शेवटचा ‘स’ आत्ताच खोडला. झारीचं मात्र खाली लिहीत नाही, मुलांना शोधू दे.