तिघींचा संघ, दोघींची कार्डं: तिसरी मुलगी कशी निवडायची?

मिऱ्या बंदर

महिला गोल्फच्या सांघिक स्पर्धेची रचना आधी सांगतो, कारण वाद तिथूनच सुरू होतो. एस्पिरितो सांतो ट्रॉफी (हौशी महिलांची जागतिक सांघिक स्पर्धा, १९६४ पासून), आशिया-पॅसिफिकची क्वीन सिरिकित कप आणि हांगझोऊची आशियाई स्पर्धा, तिन्हीकडे संघ तिघींचा. रोज तिघी खेळतात, त्यातली चांगली दोन कार्डं (दिवसभरातल्या फटक्यांची नोंद, आकडा कमी तेवढं चांगलं) धरतात, तिसरं टाकतात.

आणि निवड आपण कशी करतो? चार राऊंडची (राऊंड म्हणजे अठरा होलचा एक डाव) चाचणी, बेरीज लावा, पहिल्या तिघी घ्या. वैयक्तिक स्पर्धेला हे ठीक आहे. जिथे रोज एक कार्ड टाकलंच जाणार, तिथे तिसरी जागा बेरजेवर देणं मला अजिबात पटत नाही.

आकडे बघा. अ: ७२, ७२, ७३, ७३. ब: ७३, ७४, ७३, ७४. या दोघी संघात पक्क्या. तिसऱ्या जागेसाठी क आणि ड. क चारही दिवस ७५, बेरीज ३००. ड: ७१, ७९, ७१, ८०, बेरीज ३०१. चाचणीच्या यादीत क वर, ड घरी.

आता संघ लावा. क असेल तर तिचं कार्ड एकाही दिवशी धरलं जात नाही, संघाची बेरीज ५८४. ड असेल तर पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी तिचे ७१ धरले जातात, ७९ आणि ८० टाकले जातात, बेरीज ५८०. एका स्ट्रोकने (फटक्याने) मागे असलेली मुलगी संघाला चार स्ट्रोक कमवून देते. तिसरी जागा बर्डी (होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) मारणाऱ्या मुलीला द्या, एवढंच माझं म्हणणं.

खारघरकर

बेरीज बरोबर आहे, पण अ आणि ब चुकणारच नाहीत असं धरून मांडली आहे. तुमच्याच तक्त्यात ब ला दोन वाईट दिवस द्या. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी ७४ ऐवजी ७८.

क असलेला संघ: १४५, १४७, १४६, १४८. बेरीज ५८६.
ड असलेला संघ: १४३, १५०, १४४, १५१. बेरीज ५८८.

उलटलं. ब चा एकच दिवस बिघडला तरी ड चा फायदा चारावरून एकावर येतो. तिसरी मुलगी ही विमा आहे, आणि विम्याचं काम पहिल्या दोघींपैकी एक पडली की सुरू होतं. पडण्याची कारणं थोडी नाहीत: पोट बिघडणं, मनगट, पाठ. शिवाय कार्डावर एखाद्या होलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहून सही केली की ती मुलगी त्या राऊंडपुरती बाद. मग उरलेली दोन्ही कार्डं जशी असतील तशी धरावी लागतात. त्या दिवशी ड ८० मारून आली तर काय करणार?

वेंगुर्ला

हिशोब पटलो दोघांचो, पण पावसाचां काय? जून ते सप्टेंबर हयसर कोण कसो खेळतलो? चाचणी ऑक्टोबरात ठेवली तर आमच्या पोरी चार महिने नेटवर बॉल मारून थेट यायच्या.

आकडेमोड

@मिऱ्या बंदर, @खारघरकर, तुम्ही दोघंही धरून चालला आहात की ड चा स्वभावच चढउताराचा आणि क चा स्वभावच स्थिर. चार राऊंडवरून हे कळत नाही.

चांगल्या हौशी मुलीचं कार्ड तिच्या सरासरीपासून साधारण तीन स्ट्रोक इकडेतिकडे होतं असं धरा. मग तंतोतंत सारख्या ताकदीच्या दोन मुलींच्या चार राऊंडच्या बेरजेत सात-आठ स्ट्रोकचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. ३०० आणि ३०१ मधून काही म्हणजे काही सिद्ध होत नाही. वीस राऊंड घेतले तर सरासरीतला हा योगायोगाचा फरक एका स्ट्रोकच्या आत येतो. आणि चढउतार मोजायचा तर त्याहून जास्त कार्डं लागतात, कारण एखादा ८० सगळं चित्र फिरवतो.

वरच्या पातळीवर तरी वेगळं काय आहे? हांगझोऊला अदिती अशोक ६७, ६६, ६१ खेळली. तीन राऊंडनंतर पारच्या (ठरलेल्या फटक्यांच्या) २२ खाली, सात स्ट्रोकची आघाडी. चौथ्या दिवशी ७७. रौप्यपदक मिळालं, आणि भारतीय महिला गोल्फरचं आशियाई स्पर्धेतलं ते पहिलं वैयक्तिक पदक. ६१ आणि ७७, तीच मुलगी, तोच कोर्स, लागोपाठचे दोन दिवस. हिला स्थिर म्हणायचं की चढउताराची? नुसती चौथ्या दिवशी चाचणी घेतली असती तर ती संघाबाहेर राहिली असती.

एक गोष्ट मात्र रचनेतच आहे. तिघी सारख्या असल्या आणि तीन स्ट्रोकचा चढउतार धरला, तर रोज सगळ्यात वाईट कार्ड टाकल्याने दोन कार्डांच्या बेरजेत सरासरी अडीच स्ट्रोक वाचतात, चार दिवसांत दहा. म्हणजे तिसरी जागा शोभेची नाही. ती भरताना चार राऊंडवर भागवू नका.

मिऱ्या बंदर

वीस राऊंड हवेत हे मान्य. पण वीस राऊंडची कार्डं आहेतच की. हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) वीस कार्डांवरच निघतो, तोच घ्या.

आकडेमोड

इंडेक्स नको. वीसपैकी चांगली आठ धरून तो काढतात, म्हणजे वाईट बारा दिवस त्यात दिसतच नाहीत. दुसरं, प्रत्येक होलवर वरची मर्यादा असते. शून्य कोर्स हँडिकॅपच्या (सवलतीचा एकही फटका न मिळणाऱ्या) मुलीने पार ४ वर ९ मारले तर इंडेक्ससाठी ६ धरतात. संघाच्या कार्डावर मात्र ९ म्हणजे ९. खारघरकरांना ज्या ८० ची भीती आहे, तो ८० इंडेक्स झाकून टाकतो.

त्यातलं डिफरन्शिअल (एका राऊंडचा, कोर्सच्या अवघडपणाशी जुळवलेला आकडा) घ्या, तेही पूर्ण ग्रॉस स्कोअरवर (मारलेले सगळे फटके धरून) काढून. सूत्र सोपं आहे: स्कोअरमधून कोर्स रेटिंग (सराईत खेळाडूला त्या कोर्सवर लागणारे फटके) वजा करा, ११३ ने गुणा, स्लोपने (सामान्य खेळाडूला तो कोर्स किती जास्त अवघड जातो तो आकडा) भागा. रेटिंग महिलांच्या ज्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) खेळल्या त्याच टीचं हवं, इथे बऱ्याचदा गोंधळ होतो. एक मुलगी ७४.२ रेटिंग, १३२ स्लोपच्या कोर्सवर ७६ खेळली: डिफरन्शिअल १.५. दुसरी ७०.१ रेटिंग, ११८ स्लोपवर ७३ खेळली: २.८. कागदावर तीन स्ट्रोकने मागे असलेली मुलगी खरं तर पुढे आहे. अशी शेवटची वीस डिफरन्शिअल घ्या, सगळ्यांची सरासरी काढा. चांगली-वाईट वेचू नका.

हर्णै बुरुज

रेटिंगमध्ये त्या दिवशीचा वारा नसतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सकाळी मतलई पडलेली, झाडाचं पान हलत नाही, आणि अकरा वाजले की खारे वारे सुरू.

२४ मुलींची चाचणी घ्या. तिघींचे आठ गट, दहा-दहा मिनिटांनी एकाच टीवरून सोडले तर पहिला गट सातला, शेवटचा आठ दहाला. राऊंडला साडेचार तास. पहिला गट साडेअकराला मोकळा, शेवटचा पाऊण वाजेपर्यंत वाऱ्यात. १४० मीटरचा फटका ताशी पंधरा-सोळा किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात दीडशेच्या पुढचा होतो, म्हणजे एक-दीड क्लब जास्त (तेवढी जास्त लांब मारणारी काठी घ्यावी लागते). शेवटच्या पाच-सहा होलवर हे सोसलेल्या मुलीची तुलना सकाळच्या मुलीशी कशी करणार?

उपाय अवघड नाही. पहिल्या आणि दहाव्या, दोन्ही टीवरून साडेसहाला सुरू करा. प्रत्येक टीवर चार गट, शेवटचा सातला सुटतो, साडेअकराच्या आत सगळ्या आत. दुसऱ्या दिवशी गटांचा क्रम उलटा आणि टी अदलाबदल. आयोजक दोन टीचं टाळतात, कारण दोन स्टार्टर लागतात आणि दहाव्या टीवर प्यायचं पाणी, छत्री, पंच सगळं वेगळं न्यावं लागतं. तेवढ्यासाठी मुलींचं नुकसान करू नये.

पीसीसीबद्दल (प्लेइंग कंडिशन्स कॅल्क्युलेशन) कुणी लिहिण्याआधीच लिहितो. त्या दिवसाच्या परिस्थितीसाठी डिफरन्शिअलमध्ये उणे १ ते अधिक ३ अशी दुरुस्ती होते हे खरं. ती संपूर्ण दिवसाला एकच असते. सकाळ आणि दुपार तिला वेगळी दिसत नाही.

पावसाचं म्हणाल तर ओल्या फेअरवेवर (होलच्या वाटेवरच्या कापलेल्या गवतावर) बॉल उचलून, पुसून ठेवायची मुभा देतात. त्या कार्डांत लांब कॅरी (बॉल हवेत कापतो ते अंतर) मारणारीचा फायदा होतो, कारण बॉल पडतो तिथेच रुततो, घरंगळत नाही. ऑक्टोबरात तोच कोर्स कडक झाला की ती वाढीव लांबी उरत नाही. पावसाळी कार्डं यादीत धरा, पण निम्म्याहून जास्त नकोत.

लांजा फाटा

वीस डिफरन्शिअल, वीस डिफरन्शिअल. ती आणायची कुठून ते कुणी सांगत नाही. कोकणपट्टीत पूर्ण लांबीचा, कुणालाही पैसे भरून खेळता येईल असा कोर्स म्हटला की सिडकोचा खारघर. रत्नागिरीहून तीनशेवर किलोमीटर. मुलगी आणि सोबत एक पालक, दोन दिवस राहणं, ग्रीन फी (कोर्सवर खेळायचे पैसे), कॅडी. वीस राऊंडचा खर्च कोण करणार?

मेरिट यादीचंही तेच. 'सर्वोत्तम पाच स्पर्धा धरू' असा नियम दिसायला न्याय्य. बारा स्पर्धा खेळणारी मुलगी बारातल्या पाच वेचते, सहा खेळणारी सहातल्या पाच. तेवढ्याच ताकदीच्या दोघी असल्या तरी पहिली वर दिसणार. यादी पैशावर चालते ती अशी.

आणि तारखा. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. कोकण मंडळाच्या मुली निकालात वर असतात, ते परीक्षेच्या तोंडावर विमानाने फिरून होत नाही. त्या दोन महिन्यांत चाचणी ठेवली की सोळा-सतरा वर्षांची मुलगी आपोआप गळते, आणि हौशी संघात याच वयाच्या मुली असतात.

खारघरकर

@लांजा फाटा, खर्चाचं दुखणं खरं आहे, त्याला निवडीच्या नियमात औषध नाही. राज्य संघटनेने प्रवासभत्ता द्यावा आणि मुलींसाठी ग्रीन फी माफ करावी, ही मागणी वेगळी करू, मी सोबत आहे. पण ज्या मुलीची कार्डं नाहीत तिला अंदाजावर देशाच्या संघात घ्या, असं कुणी म्हणू नये. 'सर्वोत्तम पाच'बद्दल मात्र शंभर टक्के सहमत. त्याऐवजी किमान बारा राऊंड आणि सगळ्यांची सरासरी.

बाणकोट खाडी

एवढा खटाटोप कशाला? कर्णधार किंवा कोचला एक जागा निवडू द्या. २०२४ च्या सॉल्हाइम कपमध्ये (युरोप विरुद्ध अमेरिका, महिलांची सांघिक स्पर्धा) युरोपच्या बारापैकी चौघी कर्णधाराने निवडल्या, अमेरिकेच्या तिघी. जग हेच करतं.

आकडेमोड

सॉल्हाइम कप मॅच प्ले (एकेक होल जिंकण्या-हरण्यावर निकाल) आहे. तिथे फोरसममध्ये दोघी एकच बॉल आळीपाळीने खेळतात. कुणाचा ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) कुणाच्या आयर्नला (त्यानंतरच्या फटक्याला) जुळतो, सम होलवर कोण टी घेणार, कुणाचं कुणाशी पटतं, हे कर्णधारालाच कळतं. म्हणून निवडीच्या जागा. आपण बोलतोय ती स्पर्धा स्ट्रोक प्लेची (फटक्यांच्या बेरजेची). प्रत्येकीचा बॉल वेगळा, कार्ड वेगळं, जोडी नाही. जोडी जुळवण्याचं कारणच नसेल तर कोचच्या मर्जीला जागा का ठेवायची?

बाणकोट खाडी

कारण कोर्स. स्पर्धा किनाऱ्यावरच्या कोर्सवर असेल आणि ग्रीनभोवती (ग्रीन म्हणजे होलजवळचं गुळगुळीत गवत) पास्पालम जातीचं गवत असेल (खारं पाणी सोसतं म्हणून किनाऱ्यावर तेच लावतात), तर दाट गवतात क्लब अडकतो, चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) आखूड राहते. उत्तरेतल्या थंडीतल्या चाचणीत हे तपासलंच जात नाही. सरासरीत अर्ध्या स्ट्रोकने मागे, पण असल्या गवतावर खेळून हात बसलेला, अशी मुलगी कोच ओळखतो.

मिऱ्या बंदर

मग ते 'ओळखणं' कागदावर उतरवा. माझा मसुदा असा, आता मोडा हवा तर.

पहिल्या दोन जागा सरासरी डिफरन्शिअलवर. किमान बारा राऊंड, त्यातले सहा तरी चार वेगवेगळ्या कोर्सवरचे, गेल्या बारा महिन्यांतले. जागतिक रँकिंग दोन वर्षांची कामगिरी धरतं, सोळा वर्षांच्या मुलीचा खेळ दोन वर्षांत पार बदलतो, म्हणून बारा महिने. शिवाय प्रोचं (व्यावसायिक खेळाडूंचं) रँकिंग वेगळं, हौशींचं वेगळं, दोन याद्या एकत्र लावताच येत नाहीत. हांगझोऊपासून आशियाई स्पर्धेत प्रो खेळू लागल्या, त्यामुळे ही अडचण कायमची झाली.

तिसरी जागा यादीतल्या तिसरी ते सहावी या चौघींतून. चौघींची सगळी कार्डं पहिल्या दोघींच्या त्याच स्पर्धांतल्या कार्डांशेजारी मांडायची आणि बघायचं, कुणाच्या असण्याने 'तिघींतली दोन' ही बेरीज सगळ्यात कमी येते. खारघरकरांचा विमा यातच येतो, कारण पहिल्या दोघींचे वाईट दिवसही त्याच तक्त्यात असतात. बरोबरी झाली तर स्पर्धेच्या कोर्ससारख्या गवतावरची कार्डं बघायची. राखीव मुलगी क्रमाने जाहीर. शेवटची तारीख स्पर्धेच्या आठ आठवडे आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये चाचणी नाही.

खारघरकर

आधीच्यापेक्षा खूप बरं. दोन हरकती. एक, 'त्याच स्पर्धांतली' कार्डं म्हटलं की पहिल्या दोघी आणि चौथी-पाचवी एकत्र खेळलेले राऊंड पाच-सहाच निघतील, आकडेमोड लगेच सांगतील की ते पुरेसे नाहीत. डिफरन्शिअल आहेत तर एकाच स्पर्धेचा आग्रह सोडा. प्रत्येकीची बाराही कार्डं घ्या, सगळ्या शक्य जुळण्या लावा. बारा गुणिले बारा गुणिले बारा म्हणजे १७२८, साध्या एक्सेल शीटमध्ये बसतं. दोन, सहावीपर्यंत जाऊ नका. पाचवीनंतरच्या मुलीची सरासरी दोन स्ट्रोकने मागे असेल तर जुळणीचा फायदा तिला वर आणणार नाही, फक्त वशिल्याला फट राहील.

आकडेमोड

१७२८ जुळण्यांत हवामान सुटतं. वादळी दिवशी तिघी एकदमच वाईट खेळतात, तुम्ही मात्र अ चा वादळी दिवस ड च्या निवांत दिवसाशी जोडणार. त्यामुळे विम्याची किंमत खऱ्यापेक्षा जास्त दिसेल. पीसीसीची दुरुस्ती लावून मगच जुळण्या करा, बराचसा फरक निघून जाईल. तिसरी ते पाचवी, याला माझा होकार.

लांजा फाटा

बारा राऊंडमध्ये किती कोर्स, ते चारवरून तीन करा. आणि पावसाळ्यातले चार महिने त्या बारा महिन्यांतून वगळून मोजा, म्हणजे खिडकी सोळा महिन्यांची होईल. नाहीतर पनवेलच्या खाली राहणारी एकही मुलगी तुमच्या शीटमध्ये येणार नाही.