शाळेसमोरचा रस्ता: मुलांना शिकवायचं की गाड्यांना आवरायचं?

पायवाट
मुलाच्या प्राथमिक शाळेत परवा पालकसभा झाली. मुलांना रस्ता ओलांडायला शिकवणारी कार्यशाळा घ्यायचं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. पण घरी आल्यापासून मनाला चैन नाही, म्हणून हा धागा काढतेय.

महिनाभर मी सकाळी शाळेच्या फाटकाशी मदतीला उभी राहते. गेल्या आठवड्यात दुसरीतल्या एका मुलीच्या हातून पाण्याची बाटली निसटली आणि घरंगळत रस्त्यावर गेली. ती मागोमाग धावली, दोन उभ्या गाड्यांच्या मधून. माझ्या हाती तिच्या दप्तराचा पट्टा तेवढा लागला, आणि त्याच क्षणी समोरून एक दुचाकी भरधाव गेली. या मुलीला सगळे नियम तोंडपाठ आहेत. थांबा, दोन्हीकडे बघा, पळू नका. बाटली सुटली तेव्हा तिला फक्त बाटली दिसत होती. सात वर्षांचं मूल असंच असतं, यात तिची काही चूक नाही.

मुलांना शिकवा, जरूर शिकवा. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. शाळेसमोर गाडी ताशी ३० किमीच्या वर जाऊच शकणार नाही असा रस्ता बांधून घ्यायला हवा. नुसती पाटी लावून भागणार नाही.

चौकस
साफ असहमत. मूल काही जन्मभर शाळेच्या फाटकाशी राहणार नाही. पुढच्या चौकात तुमचा हा खास रस्ता नसेल, तिथे त्याला स्वतःचं भान हवंच. सगळं मऊ करून ठेवलं तर मूल शिकणार कधी? आणि ५० ऐवजी ३० केल्याने असा काय फरक पडतो? ब्रेक मारणारा दोन्ही वेगांत मारतोच.

पायवाट
फरक मोजून बघा. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ५० च्या वेगात तेवढ्यात गाडी जवळपास १४ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक अजून लागलेलाही नसतो. ३० च्या वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण १३-१४ मीटरमध्ये पूर्ण थांबते, त्या एका सेकंदासकट. म्हणजे ३० ची गाडी जिथे थांबली, तिथे ५० ची गाडी अजून पूर्ण वेगात असते. आणि मध्ये कोण आहे? १२० सेंटिमीटर उंचीचं मूल. उभ्या मोटारीआडून ते चालकाला दिसतच नाही, आणि त्यालाही गाडी दिसत नाही.

पुढच्या चौकाचं म्हणाल, तर त्या चौकात ते मूल दहा-अकरा वर्षांचं होऊन जाईल. येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा अंदाज लहान मुलांना नीट येत नाही. ती समज वयाबरोबर येते, कार्यशाळेने लवकर येत नाही.

स्टिअरिंग
मी शाळेची गाडी चालवतो, बारा वर्षं झाली. ३० ला माझा विरोध नाही, पण वेग कमी करा म्हटलं की लोक लगेच गतिरोधक टाकायला निघतात. रात्रीतून डांबराचा ढिगारा ओततात. त्यावर पट्टे नसतात, आधी सूचनेची पाटी नसते. दुचाकीवाला अंधारात आदळून पडतो. रुग्णवाहिकेतल्या पेशंटचं काय होतं ते आत बसलेल्याला विचारा. एका अपघातावर दुसरा अपघात हा उपाय नव्हे.

आखणीकार
स्टिअरिंग, तुमचं म्हणणं रास्त आहे, पण ते वाईट गतिरोधकाबद्दल आहे. माझी सगळी नोकरी रस्त्यांची आखणी करण्यातच झाली, म्हणून थोडं सविस्तर.

झेब्रा क्रॉसिंगच फूटपाथच्या पातळीला उचलून घ्यायचं. वरून सपाट, दोन्ही बाजूंना सावकाश उतार. गाडी दणका न खाता हळू होते, आणि मुलाला खाली उतरावं लागत नाही. चालक मुलांच्या रस्त्यावर येतो, मुलं गाड्यांच्या रस्त्यावर जात नाहीत. दुसरं, क्रॉसिंगपाशी फूटपाथ दोन्ही बाजूंनी रस्त्यात थोडा पुढे काढायचा. १० मीटरचा रस्ता ६ मीटरचा झाला की मूल ओलांडताना रस्त्यावर असतं तो वेळ त्याच प्रमाणात घटतो. शिवाय त्या जागी गाडी उभी करताच येत नाही, म्हणजे बाटलीमागे धावणारी मुलगी निदान दिसते तरी. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे, आणि खर्च सगळ्यात कमी.

यात नवीन काही नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते सोडून सगळीकडे ३० ची मर्यादा आणली. रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेत निघालेल्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही माणसं आणि वाहनं जिथे एकत्र येतात तिथे ३० चाच आग्रह आहे.

दोन_फेऱ्या
सगळे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना दोष देताय. शाळा भरताना तिथे गर्दी कोणाची असते? आपलीच. दुहेरी रांगेत उभ्या गाड्या, मागे घेताना आरशात न बघणारे पालक. मी तर म्हणते, शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास तो रस्ता वाहनांना बंदच करा. पॅरिसमध्ये शाळांसमोरचे दोनशेहून जास्त रस्ते असे गाड्यांपासून मोकळे केलेत, बरेचसे कायमचे.

चौकस
आणि ज्यांना दोन मुलं दोन शाळांत सोडून नऊ वाजता कामावर पोचायचंय त्यांनी काय करायचं? माझी आई माझ्या मुलीला सोडायला येते, तिचे गुडघे गेलेत. लांब गाडी लावून ती चालत येणार? शिवाय तुम्ही रस्ता बंद केलात की तीच गर्दी शेजारच्या गल्लीत जाईल. तिथेही माणसं राहतात.

पायवाट
गुडघ्यांचा मुद्दा मनापासून पटला. ज्यांना चालणं अवघड आहे त्यांच्यासाठी सवलत ठेवावीच लागेल, त्याशिवाय बंदीला मीही हात वर करणार नाही. बाकीच्यांसाठी २००-३०० मीटरवर एक ठरलेली जागा ठेवू. तिथे मुलांना उतरवायचं आणि दोन मोठ्यांनी दहा-बारा जणांना ओळीने चालत आणायचं. पाळी लावली तर प्रत्येकाची आठवड्यात एखादीच सकाळ जाते.

वेळेचंही सांगते. शाळेसमोरचे ३०० मीटर ५० ऐवजी ३० ने गेलात तर १४-१५ सेकंद जास्त लागतात. त्या दिवशी दप्तराचा पट्टा हातात आला नसता तर, हा विचार मला अजून झोपू देत नाही. त्यापुढे हे सेकंद मोजायला मन तयार होत नाही.

स्टिअरिंग
आखणीकार म्हणतात तसं सपाट क्रॉसिंग, पट्टे आणि आधी पाटी असेल तर माझ्यासारख्या चालकाची तक्रार राहणार नाही. आणि फाटकाला लागून मुलं चढवणं-उतरवणं आमच्यापासून बंद करा. फाटक उघडलं की मुलं एकदम सुटतात. २० मीटर पुढे गाडी लावली की आम्हालाही दोन्ही बाजू दिसतात. हे मी उद्यापासून करू शकतो.

चौकस
फूटपाथ पुढे काढणं आणि उंच क्रॉसिंग, दोन्ही पटलं. रस्ता बंद करणं नाही पटलं, त्याला सभेत विरोध करणार. पण आधी रस्ता किती रुंद आहे ते तरी कळू द्या. सोमवारी शाळा सुटल्यावर मी मोजपट्टी घेऊन येतो, दुसरं टोक धरायला कोणीतरी या.

आखणीकार
मी येतो. सुटल्यावर नको, सुटायच्या दहा मिनिटं आधी या. गाड्या नेमक्या कुठे उभ्या राहतात तेही टिपून घेऊ.