गॉथम बाय गॅसलाइट (२०१८): कॉमिक आधी की चित्रपट आधी?

कंदील:
'बॅटमॅन: गॉथम बाय गॅसलाइट' हा अ‍ॅनिमेशनपट बघायचा आहे, आणि मूळ कॉमिकही वाचायचं आहे. आधी काय घ्यावं? चित्रपट कॉमिकला कितपत धरून आहे? बारा वर्षांच्या मुलांना चालेल का? कृपया खुनी कोण ते थेट सांगू नका.

शाईदौत:
आधी चित्रपट. दोन्हींत खुनी वेगळा आहे, त्यामुळे नंतर कॉमिक वाचलं तरी रहस्य शिळं होत नाही. उलट क्रमाने गेलात तर कॉमिकमधला खुनी डोक्यात धरून बसाल आणि चित्रपटातले निम्मे दुवे नजरेतून सुटतील.

कॉमिक १९८९ चं, लेखन ब्रायन ऑगस्टिन, चित्रं माइक मिन्योला, पेन्सिलच्या रेषांवर शाई पी. क्रेग रसेलची. जेमतेम पन्नासेक पानांचं. कथेचा काळ १८८९, म्हणजे लंडनच्या व्हाइटचॅपलमधल्या जॅक द रिपरच्या खुनांनंतरचं वर्ष. तिथे ब्रूस वेनवर, म्हणजे बॅटमॅनवरच, आळ येतो, तो अर्कम या वेड्यांच्या इस्पितळात डांबला जातो आणि कोठडीत बसून कागदपत्रांवरून छडा लावतो. चित्रपट ७८ मिनिटांचा. कोठडी इथेही आहे, पण भर पाठलाग आणि मारामारीवर. सेलिना काइल आणि तीन अनाथ पोरं ही पात्रं नवीन आहेत. चित्रपटातल्या जागतिक प्रदर्शनाचा धागा मात्र 'मास्टर ऑफ द फ्यूचर' या १९९१ च्या पुढच्या भागातही आहे, तोही वाचा.

बारा वर्षांच्या मुलांना दाखवू नका. अमेरिकेत याला 'आर' प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांसोबत मोठं माणूस हवं. पहिला खून सुरुवातीलाच येतो आणि पुढेही रक्त लपवलेलं नाही.

रीळ:
क्रमाबद्दल सहमत. पण मिन्योलाची चित्रं हलताना दिसतील या आशेने बसू नका. त्याच्या पानावर अर्धा चेहरा सरळ काळ्या शाईत बुडालेला असतो. तो काळा भाग चित्राच्या रचनेचाच भाग आहे. पात्र मान वळवतं तेव्हा त्या सावलीची कड प्रत्येक रेखाटनात नव्याने, अचूक आखावी लागते. जरा चुकली की सावली चेहऱ्यावर सरपटताना दिसते. मर्यादित खर्चातल्या अ‍ॅनिमेशनमध्ये म्हणून रेषा सोप्या करतात, एक मूळ रंग आणि एक गडद छटा ठेवतात. इथेही तेच झालंय. पार्श्वभूमीची चित्रं मात्र निवांत बघा: धुकं, ओले दगड, दिव्याभोवतीचं पिवळट वलय.

बघताना टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग बंद करा. अशा अ‍ॅनिमेशनमध्ये एकच रेखाटन दोन-दोन फ्रेम टिकतं. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः तयार करायला गेला की केपची टोकं फरफटल्यासारखी दिसतात. अंधाऱ्या प्रसंगांत ब्राइटनेस वाढवू नका, काळा रंग राखाडी होतो आणि धुक्यात पट्टे उमटतात. खोलीतला दिवा मालवणं जास्त कामाचं.

वाफारा:
यंत्रांबद्दल थोडं. चित्रपटातली वाफेची दुचाकी कपोलकल्पित नाही. सिल्व्हेस्टर रोपरने अमेरिकेत १८६० च्या दशकातच तशी बनवली होती. वाफेच्या इंजिनावरचं हवाई जहाज आंरी जिफारने १८५२ मध्ये उडवलं. प्रदर्शनातला भव्य पाळणा शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनाची आठवण देतो: २६४ फूट उंच, ३६ डबे. खटकतं ते एवढंच की बॅटमॅन दुचाकीवर बसतो आणि क्षणात सुसाट निघतो. बॉयलरमध्ये पाणी तापून दाब चढायला वेळ लागतो. आधीपासून पेटता ठेवलेला बॉयलर एका चित्रात दाखवला असता तरी पटलं असतं.

शाईदौत:
(रहस्यभेद. कंदील, चित्रपट बघून झाल्यावरच वाचा.)

खुनी पोलीस अधिकारी गॉर्डन निघतो, तेव्हा फसवणूक झाली अशी तक्रार बरेच जण करतात. मला ती मान्य नाही. पहिला बळी कोण ते आठवा: पॅमेला आइल्सी, म्हणजे पॉयझन आयव्ही. इतर कथांतली बलाढ्य खलनायिका इथे रंगमंचावरची नर्तकी आहे आणि काही मिनिटांत मरते. ओळखीच्या नावावर विसंबू नका, हे चित्रपटाने तिथेच सांगून टाकलंय. आपण मात्र इतर बॅटमॅन कथांवरून गॉर्डन म्हणजे भला माणूस हे घरूनच ठरवून येतो. लपायची जागा त्याला आपणच देतो.

रीळ:
ते बॅटमॅन मुरलेल्या प्रेक्षकापुरतं खरं. ज्याला गॉर्डन माहीतच नाही, त्याला तो फक्त सतत समोर येणारा पोलीस अधिकारी दिसतो. संशयित आधीच मोजके. डॉक्टर ह्यूगो स्ट्रेंज मरतो, वकील हार्वी डेंटचा मत्सर इतका उघड की तो खुनी नाही हे लगेच कळतं. मग उरतं कोण? गॉर्डनचं घर आणि त्याची बायको शेवटी अचानक समोर येतात. त्या घरातला एक साधा जेवणाचा प्रसंग पहिल्या अर्ध्या तासात हवा होता. बायकोचा चेहरा तेव्हा सावलीत ठेवला असता तर शेवटी तो उजेडात येताना काळजात चर्र झालं असतं.

शाईदौत:
हे पटलं. त्यासाठी हवाई जहाजावरच्या मारामारीतली दोन मिनिटं कापली असती तरी चाललं असतं.