काटकसर, कपात, कात्री की छाटणी?

पेठनाका
परवा सांगलीत स्टँडजवळ चहाला थांबलो होतो. टेबलावरच्या पेपरात मथळा होता, 'विकासकामांच्या निधीला कात्री'. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "बरं झालं, सरकारनं जरा काटकसर केलीच पाहिजे. आपण घरात नाही का करत?" समोरचे उसळले, "काटकसर कसली डोंबलाची, कपात म्हणा!" पुढं लाडकी बहीण, रस्ते, विकासदर सगळं निघालं आणि चहा गार झाला. मी मात्र त्या दोन शब्दांपाशीच अडकलो. दोन्हींत पैसा कमीच खर्च होतो ना? मग भांडण कशाचं? आणि इंग्रजीत ऑस्टेरिटी म्हणतात तिला मराठीत काय म्हणायचं?

जुना कारकून, सातारा
भांडण रास्त आहे. 'काटकसर'मधला 'कसर' अरबी 'कस्र'वरून आला. त्याचा अर्थ उणेपणा, तूट. 'कसर भरून काढणे' हा त्याच घरचा वाक्प्रचार. 'कपात' सरळ 'कापणे'पासून. पण खरा फरक वाक्यात घालून बघितला की कळतो. 'मी काटकसर केली' बरोबर. 'सरकारनं माझी काटकसर केली' म्हणून बघा, जीभ अडखळते. 'माझ्या पगारात कपात केली' मात्र सहज जातं. काटकसर ज्याची त्यानं करायची असते, कपात दुसऱ्याच्या ताटात होते. पाणीकपात, पगारकपात, ऊसबिलातली कपात... यातली कुठली आपण होऊन केलेली आहे?

म्हणजे मंत्र्यांच्या गाड्या कमी झाल्या तर ती काटकसर. शाळाखोल्यांची दुरुस्ती थांबली तर ती कपात.

'कात्री' तर त्याहून गमतीची. कात्री 'लागते'. कुणी लावली ते वाक्यात यायचं कारणच नाही. मे २०२० मध्ये राज्य सरकारनं बहुतेक खात्यांना वर्षाच्या तरतुदीतले ३३ टक्केच पैसे मिळतील आणि नवी नोकरभरती होणार नाही, असं ठरवलं. टाळेबंदीत महसूलच आटला होता, त्यामुळे निर्णयाला कारण होतं. पण कारण असो-नसो, कात्री आपली लागतेच, जशी नजर लागते.

द्राक्षवेल, तासगाव
आमच्याकडचा शब्द राहिला की राव. छाटणी! कामगारांची छाटणी म्हणतात तेव्हा मला हसू येतं, कारण बागेत छाटणी माल यावा म्हणून करतात. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. काडी तपासून, घड कुठल्या डोळ्यात म्हणजे अंकुरात आहे ते बघून मगच कात्री चालवायची. डोळा चुकला तर वर्ष गेलं.

वेळेचंही तसंच. दर चांगला मिळावा म्हणून लवकर छाटली आणि वरून पाऊस झोडपत राहिला, की दावण्या हा बुरशीचा रोग येतो, घड जिरतात म्हणजे धरायच्या आधीच नाहीसे होतात. आणि छाटली म्हणजे खर्च संपला असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा बागेत यावं. खरा खर्च तिथून पुढं. खत, फवारणी, मजूर. छाटायचं आणि पाणीही तोडायचं, त्याला आम्ही बाग काढणं म्हणतो.

कृष्णाकाठ, कराड
द्राक्षवेल, तुम्ही नकळत अर्थशास्त्रातला जुना वाद सांगितलात. १९३७ मध्ये केन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं हेच लिहिलं होतं, की खजिन्यानं हात आखडता घ्यायचा तो तेजीत, मंदीत नव्हे. म्हणजे छाटणी हंगाम बघून. कॅनडानं १९९० च्या दशकात मोठी खर्चकपात केली, तूट संपवली आणि वाढही झाली. पण तेव्हा शेजारी अमेरिकेत तेजी होती, कॅनडाचा माल तिकडं खपत होता. ग्रीसनं ऐन मंदीत कापलं. २००८ ते २०१३ मध्ये तिथलं उत्पन्न सुमारे पाव हिश्श्यानं आटलं. त्याच गदारोळात २०१० साली मेरियम-वेबस्टर कोशानं 'ऑस्टेरिटी' हा वर्षाचा शब्द ठरवला होता. लोक तो कोशात शोधत होते, म्हणजे पेठनाका, अडलेले तुम्ही एकटेच नाही.

मूळ शब्दात कठोर व्रताची छटा आहे. 'निर्बंध' नको, 'तपश्चर्या' तर नकोच. मी 'खर्चकपात' लिहीन.

तुटीवरून आठवलं. आपल्या देवराष्ट्रेचे, पुढं कराडचे झालेले यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना १९७३-७४ च्या अर्थसंकल्पात ५५० कोटींची तूट होती. 'काळा अर्थसंकल्प' हे नाव त्याला कायमचं चिकटलं. पण १९७२ चा दुष्काळ आठवा. रोजगार हमीच्या खडीवर बसलेल्या माणसाला तूट काळी वाटली असेल की पांढरी?

पेठनाका
पण दादा, घरात आपण अंथरूण पाहूनच पाय पसरतो ना? सरकारनं का नाही?

कृष्णाकाठ, कराड
पसरावेतच. कर्जाचं व्याज वाढत गेलं की पुढच्या वर्षीच्या रस्त्याचे पैसे तेच खातं. ऋण काढून सण करा असं मी म्हणत नाही. एवढंच, की तुम्ही घरी हॉटेलचं खाणं सोडलं तर तुमचा पगार कमी होत नाही. सरकारनं काम थांबवलं की खडीवाला, ट्रॅक्टरवाला, मजूर यांची जमा थांबते. मग ते दुकानात कमी जातात, आणि कर सरकारलाच कमी मिळतो.

जुना कारकून, सातारा
आणखी एक प्रकार राहिला, तो मी नोकरीत फार पाहिला. काम झालेलं, मोजमाप पुस्तकात नोंद झालेली, फक्त बिल निघत नाही. ही काटकसर नाही, कपातही नाही. कागदावर खर्च मंजूरच असतो. याला 'थकवणे' म्हणतात, आणि यात दोष नेमका कुणाचा ते कधी सापडत नाही.

जाता जाता: 'विकासदर' हा शब्द मला खटकतो. उत्पन्न वाढलं तो वाढीचा दर, किंवा वृद्धिदर म्हणा. विकास वेगळा.

द्राक्षवेल, तासगाव
ऊसवाल्यांना विचारा की. पंधरा कांड्यांचा ऊस उभा असतो, बघणारा म्हणतो काय वाढलाय! कारखान्यात गेला की उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून निघालेली साखर, नऊ. वाढ शेतात दिसते, उतारा काट्याच्या पलीकडं कळतो.

पेठनाका
झकास. पण 'विकासदरा'ला 'उतारा' म्हटलं तर पेपरवाले छापतील का?