मारुती ८००: पॅकिंग बदलून झाली तरी ऑइल टपकतंच. मदत हवी आहे

तेलतुंबडा: जुनी ८०० आहे. रोज सकाळी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढे दोन-तीन डाग. टॅपेट कव्हरचं (इंजिनवरच्या झाकणाचं) पॅकिंग दोनदा बदललं, चेंबरचंही (खालच्या ऑइलच्या टाकीचं) झालं. आता मेकॅनिक म्हणतो मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवू का? शनिवारी गाडी द्यायची आहे, लवकर सांगा.

नटबोल्ट: कार्ब्युरेटर की एमपीएफआय (इंजेक्शनवाली)? डाग टायमिंग बेल्टच्या बाजूला पडतो की गिअरबॉक्सच्या? आणि ते इंजिन ऑइलच आहे ना? गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, हुंगून बघा.

तेलतुंबडा: इंजिन ऑइलच, काळंकुट्ट. गाडी ९८ची.

नटबोल्ट: म्हणजे कार्ब्युरेटर. पण डागाची जागा अजून सांगितली नाहीत.

बिनधास्त_ड्रायव्हर: २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरा आणि वर गळती थांबवायच्या औषधाची एक बाटली ओता. गिअरबॉक्स कशाला उतरवताय?

वंगण: त्या औषधाने रबर फुगतं. आकसलेल्या सीलला चार दिवस बरं वाटेल, पण चिरलेल्या सीलला किंवा कडक झालेल्या पॅकिंगला काही फरक पडत नाही. जाड ऑइलने गळती कमी दिसते, थांबत नाही.

बिनधास्त_ड्रायव्हर: डाग बंद झाल्याशी मतलब.

आरटीओ_मित्र: ९८ची गाडी म्हणजे फेरनोंदणी असेलच. १५ वर्षांनंतर ती दर ५ वर्षांनी करावी लागते. तारीख बघून ठेवा.

नटबोल्ट: अहो, त्यांनी ते विचारलंय का?

तेलतुंबडा: गिअरबॉक्सच्या बाजूला पडतो.

जुनं_इंजिन: मग थांबा, गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो. त्याची ओ-रिंग कडक झाली की ऑइल हेडच्या मागून ओघळत बेलहाउसिंगवर (क्लचच्या घरावर) येतं आणि खालून बघणाऱ्याला हुबेहूब मागचं सील गेल्यासारखं दिसतं. ओघळ नेहमी वरून खाली शोधायचा. सर्वांत उंचावरची ओली जागा, तोच उगम.

इंजिन गार असताना डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटरवर प्लास्टिक बांधा, रॉकेल आणि ब्रशने हेडपासून चेंबरपर्यंत धुवा, पूर्ण वाळू द्या. मग टॅपेट कव्हरची कड, डिस्ट्रिब्युटरचा बूड, पेट्रोल पंपाचं पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच आणि बेलहाउसिंगचा सांधा, सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरवा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून लगेच टॉर्चने बघा. पावडर जिथे आधी भिजली तिथे काम. उशीर केलात तर सगळंच ओलं दिसेल.

मागचं सील खरंच गेलं असेल तर ऑइल बेलहाउसिंगच्या आतून, खालच्या फटीतून येतं. क्लच प्लेटला लागलं तर चढावर क्लच घसरतो. तसं होतंय का?

तेलतुंबडा: नाही. क्लच ठीक आहे.

वंगण: पीसीव्हीची (इंजिनात कोंडलेली वाफ बाहेर काढणारी) नळी कुणी बघितली का? पॅकिंग दोनदा जातं म्हणजे आत दाब साठतोय. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. भसाभस वारा आला तर आधी नळी आणि व्हॉल्व्ह साफ करा. नळी मोकळी असूनही वारा तसाच आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, मग नवं पॅकिंगही टिकणार नाही.

नटबोल्ट: टॅपेट कव्हरचे बोल्ट जास्त आवळले तर पत्रा वाकतो, तेही बघा. सरळ काचेवर ठेवलं की कळतं. आणि सिलिकॉन थापू देऊ नका, आत सांडलेला तुकडा ऑइलच्या जाळीत अडकतो.

तेलतुंबडा: धुऊन पावडर मारली. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी पहिल्यांदा भिजलं, बेलहाउसिंगच्या फटीत कोरडं! आता ओ-रिंग कितीची घेऊ?

जुनं_इंजिन: जुनी मापाला नेऊ नका, ती चपटी झालेली असते. गाडीचं साल आणि ‘कार्ब्युरेटर’ एवढं सांगून मागा. काढण्याआधी रोटरची दिशा आणि बॉडी-हेडवर एक आडवी रेघ, दोन्ही खुणा करा, नाहीतर ठिणगीचं टायमिंग हलेल. खोबण पुसून कोरडी करा, नव्या रिंगला इंजिन ऑइलचं बोट फिरवा आणि पिरगळू न देता सरळ बसवा. नंतर टायमिंग लाइटने एकदा तपासून घ्या.

बिनधास्त_ड्रायव्हर: आणि २०डब्ल्यू-५०?

वंगण: नको!