खोपेश, रथ आणि हिक्सोस : इजिप्त शस्त्रांत खरोखर मागे होता का?

प्रश्न : वाळूचे घड्याळ

नमस्कार. नार्मर राजाच्या शिलापट्टाचे छायाचित्र पाहताना पडलेला प्रश्न मांडतो. इसवी सनापूर्वी सुमारे ३१०० च्या, हायराकॉनपोलिस येथे सापडलेल्या या पट्टावर राजाने एका हाताने शत्रूचे केस धरले आहेत आणि दुसऱ्या हाताने गदा उगारली आहे. त्यानंतर दीड हजार वर्षे गेली, पिरॅमिड उभे राहिले, तरी सामान्य सैनिकाच्या हाती भाला, साधे लाकडी धनुष्य, दांड्याला बांधलेली कुऱ्हाड आणि गाईच्या कातड्याची ढाल यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. मग हिक्सोस, म्हणजे पश्चिम आशियातून आलेले परके राज्यकर्ते, येतात, त्यांच्याबरोबर घोडे आणि रथ येतात आणि इजिप्त हरतो, असे आपण वाचत आलो आहोत. इतके संघटित राज्य शस्त्रांच्या बाबतीत इतके मागे कसे राहिले? आणि ज्याला आपण खास इजिप्शियन तलवार समजतो, ते खोपेश तरी त्यांचे स्वतःचे होते का?

उत्तर : ऊसपट्टा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. खोपेश मूळचे इजिप्तचे नव्हे. विळ्याच्या आकाराच्या तलवारी आधी मेसोपोटेमियात आणि भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर प्रचलित होत्या. आजच्या लेबनॉनमधील बिब्लोसच्या राजांच्या थडग्यांतही त्या मिळाल्या आहेत. नाव मात्र इजिप्शियन असून त्याचा अर्थ बैलाचा पुढचा पाय असा होतो, आणि ते का दिले असावे हे आकार पाहताच कळते.

आमच्याकडे ऊसतोडीचा कोयता रोजच्या पाहण्यातला असल्यामुळे, पहिल्यांदा चित्र पाहिले तेव्हा मी त्यालाही कोयताच समजलो होतो. फरक धारेचा आहे. कोयत्याची वा विळ्याची धार बाकाच्या आतल्या बाजूला असते, कारण ऊस किंवा गवत कवेत घेऊन आपल्याकडे ओढायचे असते. खोपेशची धार बाहेरच्या फुगीर बाजूला असते, म्हणजे ते ओढून कापण्याचे नव्हे, तर कुऱ्हाडीसारखा घाव घालण्याचे हत्यार आहे. तुतनखामुनच्या थडग्यात काशाची अशी दोन खोपेश सापडली. त्यांतले एक सुमारे ६० सेंटिमीटर लांब आहे आणि दुसरे सुमारे ४०, म्हणजे कोवळ्या वयाच्या राजाच्या हाताला पेलेल एवढे.

उत्तर : जुना नकाशा

‘मागे राहिला’ या शब्दप्रयोगालाच माझी हरकत आहे. शस्त्र समोरच्या शत्रूच्या मानाने बदलते. पूर्वेला सिनाईचे वाळवंट, पश्चिमेला लिबियाचे, दक्षिणेला नाईलचे धबधबे अशी रचना असताना चिलखत घातलेली परकी फौज कित्येक शतके दारात आलीच नाही. सहाव्या राजवंशातील वेनी नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या अबायडोस येथील लेखात, पेपी राजासाठी सर्व प्रांतांतून आणि नूबियातून माणसे गोळा करून फौज कशी उभारली, हे अभिमानाने सांगितले आहे. त्यातला भर माणसांच्या संख्येवर आणि शिस्तीवर आहे. अस्यूत येथील मेसेहती या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यातली लाकडी सैनिकांची दोन पथके पाहिली तर हेच दिसते. एका फळीवर ४० इजिप्शियन भालाईत, दुसरीवर ४० नूबियन, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडील प्रदेशातले, धनुर्धारी, सगळे एकच पाऊल पुढे टाकून चाललेले. अंगावर चिलखत नाही, भालाइतांच्या हाती मात्र ढाल आहे आणि प्रत्येक ढालीवर गाईच्या कातडीचे ठिपके वेगवेगळे रंगवले आहेत.

जिथे गरज होती तिथे याच लोकांनी काय केले, हे नूबियातील बुहेनच्या किल्ल्यावरून कळते. मध्य राज्याच्या काळातील, म्हणजे हिक्सोसांच्या आधीची, ही कच्च्या विटांची तटबंदी सुमारे पाच मीटर जाड होती, बाहेर खंदक होता, आणि खालच्या तटातील जंग्या अशा कोरल्या होत्या की आतल्या तिरंदाजाला एकाच जागेवरून तीन दिशांना बाण सोडता यावा. आपल्याकडच्या गडकोटांवर जंग्या पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आस्वानच्या धरणामुळे १९६४ मध्ये हा किल्ला पाण्याखाली गेला.

उत्तर : तिसरा पहारा

वरील विवेचन मान्य आहे, परंतु मूळ प्रश्नातील ‘हिक्सोस रथ घेऊन आले आणि इजिप्त हरला’ हे गृहीतकही तपासायला हवे. हे चित्र मुख्यतः मनेथो या पुजाऱ्याकडून आले आहे, आणि तो घटनेनंतर हजाराहून अधिक वर्षांनी लिहीत होता. हिक्सोसांची राजधानी अवारिस म्हणजे आजचे तेल एल-दबा. तेथील सांगाड्यांच्या दातांमधील स्ट्राँशियमचा (माणूस लहानपणी कुठे वाढला हे सांगणाऱ्या मूलद्रव्याचा) २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की बाहेरून आलेली माणसे हिक्सोस सत्तेच्या कितीतरी आधीपासून तेथे येऊन राहत होती आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. चाल करून येणाऱ्या फौजेचे हे लक्षण नव्हे.

लढाई झाली ती नंतर, दक्षिणेतील थीब्जच्या इजिप्शियन राजांनी उठाव केला तेव्हा, आणि ती किती जवळून लढली गेली हे त्यांच्यापैकी सेकेनेनरे ताओ या राजाच्या ममीवर अजून वाचता येते. ही ममी १८८१ मध्ये देर एल-बाहरी येथील गुप्त साठ्यात मिळाली. कपाळावर आडवा कुऱ्हाडीचा घाव, शिवाय डोळ्याभोवती, गालावर आणि कानामागे जखमा आहेत. त्यांपैकी काही जखमा अवारिसला सापडलेल्या कुऱ्हाडींच्या पात्यांशी जुळतात. २०२१ च्या सीटी स्कॅनवरून संशोधकांनी असा निष्कर्ष मांडला की राजाचे हात मागे बांधलेले होते आणि मारेकरी एकाहून अधिक होते. रथाची वा संयुक्त धनुष्याची (लाकूड, शिंग आणि स्नायू चिकटवून केलेल्या धनुष्याची) खूण त्याच्या अंगावर कुठेच नाही. आहे ती कुऱ्हाड, म्हणजे इजिप्तलाही जुनीच परिचित असलेली वस्तू.

वाळूचे घड्याळ

हे वाचून माझे गृहीतक बरेच ढासळले. मग रथ इजिप्तने नेमका केव्हा आपलासा केला?

तिसरा पहारा

हिक्सोसांना हुसकावण्यापूर्वीच. एल-काब येथील थडग्यात अहमोस, एबानाचा पुत्र, हा सैनिक सांगतो की राजा रथातून फिरत असे तेव्हा मी त्याच्यामागे पायी चालत असे. हे वर्णन अवारिसच्या वेढ्याच्या आधीच येते. आपण शत्रूचा हात कापून आणला आणि बक्षीस म्हणून सोने मिळवले, हेही तो तितक्याच सहजतेने नोंदवतो. रथासाठी इजिप्शियन भाषेत रुळलेला ‘मर्कबत’ हा शब्द सेमिटिक भाषांतून आलेला आहे. वस्तूबरोबर शब्दही येतो; तोफ आणि बंदूक हे आपले शब्द तरी कुठून आले?

ऊसपट्टा

रथाच्या बांधणीबद्दल थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. बैलगाडीचा आस साधारण मध्यावर असतो, तर या रथाचा आस अगदी मागच्या कडेला होता, त्यामुळे वेगात वळताना तो सहजी उलटत नसे. चाकाचे सहा आरे अखंड लाकडाचे नसत. इंग्रजी व्ही अक्षरासारखी वाकवलेली लाकडे पाठीला पाठ चिकटवून प्रत्येक आरा तयार होई आणि वरून ओले कच्चे चामडे गुंडाळले जाई. ते वाळताना आवळत असे. तळ चामड्याच्या विणलेल्या पट्ट्यांचा, म्हणजे खाटेसारखा लवचीक, आणि त्यावर सारथी व तिरंदाज असे दोघेच उभे राहत. बांधणीत भूर्जवर्गीय झाडाची सालही वापरलेली आढळते. हे झाड इजिप्तमध्ये उगवत नाही, तेव्हा हा कच्चा माल दूर उत्तरेहून येत होता.

जुना नकाशा

रथाचा परिणाम कनानमधील मगिद्दो या नगरापाशी झालेल्या लढाईत दिसतो. इसवी सनापूर्वी सुमारे १४५७ मध्ये तिसऱ्या थुतमोसने सेनापतींचा सल्ला बाजूला सारून अरुनाच्या अरुंद खिंडीतून एकामागे एक घोडा अशी फौज नेली आणि शत्रूला बेसावध गाठले. कर्नाकच्या मंदिराच्या भिंतीवरील नोंदीनुसार ९२४ रथ, २०४१ घोड्या आणि ५०२ धनुष्ये हाती लागली, परंतु जिवंत कैदी ३४० आणि मारलेल्या शत्रूंच्या मोजदादीसाठी कापलेले हात केवळ ८३. कारणही तेथेच दिले आहे : शत्रू पळत असताना सैनिक त्याची छावणी लुटण्यात गुंतले. शत्रू नगरात शिरला, तटावरच्या लोकांनी काहींना कपड्यांना धरून वर ओढून घेतले, आणि मग सात महिने वेढा घालून बसावे लागले.